गणनेआधीची पाहणी : पूर्व विदर्भातील एका तलाव-साखळीचे प्रकरण

पार्श्वभूमी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे सरकारसाठी शेतसारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यात पूर्वी असलेले तलाव. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजवटीत आणि पुढे मालगुजारीच्या काळात बांधल्या गेलेल्या या तलावांमागे मुख्यतः कोहळी समाजाचे पाण्याविषयीचे पिढीजात ज्ञान आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. आज मोठे तलाव पाटबंधारे विभागाकडे आणि शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. मासेमारी बहुधा ढिवर समाजाच्या सहकारी संस्था ठेक्याने करतात, आणि कित्येक तलावांत शिंगाड्याची लागवडही असते. धानाचे ओलित, मासळी, शिंगाडा, गुरांचे पाणी आणि हिवाळ्यात उतरणारे बदकांचे थवे हे सारे एकाच पाण्यावर चालते, ही गोष्ट या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतीय उपखंडात ती १९८७ मध्ये सुरू झाली. १९६७ पासून चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणनेचा ती भाग आहे. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि वेटलँड्स इंटरनॅशनल यांच्या समन्वयाखाली स्वयंसेवक हे काम करतात आणि जानेवारीतल्या मधल्या पंधरवड्यावर तिचा भर असतो. हा काळ निवडण्यामागे सरळ कारण आहे: तोवर स्थलांतर जवळजवळ थांबलेले असते, पक्षी आपापल्या हिवाळी मुक्कामी स्थिरावलेले असतात, म्हणून एका देशात मोजलेला थवा आठवडाभराने दुसऱ्या देशात पुन्हा मोजला जाण्याची शक्यता कमी असते.

हे प्रकरण पूर्व विदर्भातील एका तालुक्यात काम करणाऱ्या छोट्या पक्षीनिरीक्षक गटाचे आहे. गटात दोन शिक्षक, महाविद्यालयात शिकणारी काही मुले-मुली, एक निवृत्त वनकर्मचारी आणि एक कृषी केंद्रचालक होते. दुर्बिणी प्रत्येकाकडे होत्या, पण तिपाईवरची स्पॉटिंग स्कोप, म्हणजे दूरचे पक्षी पाहायची जास्त ताकदीची दुर्बीण, एकच होती. तालुक्याचे, तलावांचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही. तलावांना त्यांच्या स्थानावरून ओळखायची नावे दिली आहेत.

प्रश्न

आधीची काही वर्षे हा गट गणनेच्या दिवशी तालुक्यातल्या सर्वांत मोठ्या तलावावर जमत असे, आणि तेथील मोजणी झाल्यावर दिवसभरात जमतील तेवढे इतर तलाव पाहत असे. याद्या चांगल्या होत, फोटो मिळत, नव्या मुलांना पक्षी ओळखायला मिळत. मात्र वर्षांची तुलना करायला बसल्यावर आकडे काहीच सांगत नव्हते. एका वर्षी तलवार बदके भरपूर, पुढच्या वर्षी नगण्य, त्यानंतर पुन्हा भरपूर. पक्षी खरोखर कमी झाले होते, की त्या सकाळी ते शेजारच्या तलावावर बसले होते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. लहान तलावांची यादी तर दरवर्षी वेगळी असे, आणि जिथे पक्षी दिसले नाहीत त्या तलावाची नोंद बहुतेक वेळा केलीच जात नसे.

मला हा शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर वाटतो. रिकाम्या तलावाची नोंद न करणे म्हणजे तो पाहिलाच नाही असे म्हणणे. दहा वर्षांनी एखादा तलाव बेशरमीच्या झुडपांनी भरून गेला आणि तिथली बदके गेली, तर ती कधी गेली हे शोधायला कागदावर काहीच उरत नाही.

त्यात झाडीपट्टीची, म्हणजे याच पूर्व विदर्भाची, म्हणून एक अडचण आहे. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत एखादे पाणथळ क्षेत्र घेताना जे निकष लावतात, त्यांतला एक निकष नियमितपणे वीस हजार किंवा अधिक पाणपक्षी असण्याचा आहे. एकट्या मामा तलावावर ही संख्या येणे अवघड. या तलावांचे बळ त्यांच्या जाळ्यात आहे: पक्षी एकावर चरतात, दुसऱ्यावर विसावतात, हुसकले की तिसऱ्यावर जातात. म्हणून येथे एक तलाव मोजून काही कळत नाही. मोजायची ती साखळी. ती कुठून कुठवर पसरली आहे हे मात्र कोणत्याही नकाशावर लिहिलेले नसते.

समोर असलेले पर्याय

पक्षी सप्ताहाच्या निमित्ताने, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबरच्या दरम्यान, गटाची बैठक झाली आणि तीन मार्ग पुढे आले. पहिला, मोठ्याच तलावावर सर्व शक्ती लावून तिथली मोजणी अचूक करावी. याला निवृत्त वनकर्मचाऱ्यांचा पाठिंबा होता. त्यांचे म्हणणे असे की माणसे थोडी असताना पसरण्यात अर्थ नाही. दुसरा, पंधरवड्यात जितके तलाव होतील तितके करावेत, ज्याला जसा वेळ मिळेल तसे. यात उत्साह टिकतो आणि तालुक्याचा मोठा भाग पाहून होतो, पण तोच थवा दोन दिवसांत दोन ठिकाणी मोजला जाण्याचा धोका पूर्ण राहतो. तिसरा मार्ग गटातल्या शिक्षिकेने मांडला: एकाच ओढ्यावरचे, एकमेकांच्या सांडव्याचे पाणी घेणारे तलाव आणि त्यांच्याजवळचा पाटबंधाऱ्याचा जलाशय एवढीच साखळी धरावी, ती एकाच सकाळी एकाच वेळी मोजावी, आणि साखळीची हद्द ठरवण्यासाठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाहणी करावी.

तिसरा मार्ग स्वीकारला गेला, पण त्यासाठी एक गोष्ट सोडावी लागली. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला, पट्टकदंब हंसांसाठी सर्वांना प्रिय असलेला तलाव यादीबाहेर गेला. काही सदस्य यामुळे नाराज झाले आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी होती. त्या तलावाची स्वतंत्र नोंद कोणीही करावी, मात्र ती साखळीच्या आकड्यात मिसळू नये, असे ठरले.

पाहणीत काय पाहिले

पाहणी म्हटले की बहुतेकांच्या मनात येते ते पक्षी कुठे जास्त आहेत हे शोधणे. या गटाने प्रश्नच बदलला. पक्षी दिवसाच्या कोणत्या वेळी कोणत्या पाण्यावर असतात, उठले तर कुठे जातात, आणि गणनेच्या दिवशी माणसाने कुठे उभे राहिले तर ते सर्व दिसतील, एवढेच शोधायचे होते. त्यासाठी केलेल्या नोंदवहीत पक्ष्यांच्या संख्येला एकच रकाना होता. बाकीचे रकाने पाण्याची पातळी, उघडा पडलेला चिखल, पाणवनस्पती, लावलेली जाळी, माणसांची वर्दळ, उभे राहण्याची जागा, सूर्याची दिशा आणि त्या जागेवरून न दिसणारा भाग यांसाठी होते.

सुरुवातीची पाहणी दिवाळीनंतर, धानाची कापणी आणि गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, चालू असतानाच झाली. तेव्हा साखळीतल्या वरच्या, उथळ तलावावर छोटी बदके मोठ्या संख्येने होती. त्यांत भुवई बदकांचा भरणा होता. भुवई बदके हिवाळी बदकांमध्ये सर्वांत आधी येणाऱ्यांपैकी आहेत आणि त्यांतली पुष्कळशी आणखी दक्षिणेकडे निघून जातात, त्यामुळे नोव्हेंबरातल्या या गर्दीवरून जानेवारीचा अंदाज बांधणे धोक्याचे होते. हे ठाऊक असूनही तो देखावा पाहून गटातल्या तरुणांचा आग्रह पडला की स्कोप याच तलावाला द्यावी. निर्णय पुढे ढकलला गेला, आणि ते योग्यच झाले. डिसेंबरच्या उत्तरार्धात वरच्या तलावातले पाणी इतके उतरले होते की मधोमध एक डबके आणि सभोवती भेगाळू लागलेला चिखल उरला होता. बदके गेली होती. त्यांच्या जागी शेकाट्ये, चिखले आणि तुतवार आले होते.

मधला मोठा तलाव वेगळ्या कारणाने कठीण ठरला. त्याची पाळ पश्चिमेला आहे. पाळीवर उभे राहणे सोपे, गाडी तिथवर जाते, सारे पाणी नजरेखाली येते; पण सकाळी सूर्य समोर येतो आणि पाण्यावरची प्रत्येक बदक नुसती काळी आकृती दिसते. आधीच्या वर्षांतले ‘अनोळखी बदके’ या सदराखालचे मोठे आकडे बहुधा इथूनच आले होते. पूर्व काठ दलदलीचा आहे आणि तिथे पोहोचायचे तर एका शेतकऱ्याच्या लाखोळीच्या बांधावरून जावे लागते. गटाने त्यांची आधीच परवानगी घेतली आणि कोणत्या बांधावरून जायचे हे त्यांच्याकडूनच ठरवून घेतले. याच तलावावर दिवसा चरणारे वारकरी (कूट) पक्षी आणि गडवाल बदके पाणवनस्पतींच्या भागात पसरलेली असत, तर तलवार बदके आणि चक्रांग मध्यभागी डोके पंखात घालून बसलेली असत. ही दुसरी मंडळी चरायला रात्री बाहेर पडतात, हे ध्यानात आल्यावर संध्याकाळी एक जण पाळीवर बसू लागला आणि थवे कोणत्या दिशेला उडतात याची नोंद होऊ लागली. दिशा खालच्या अंगाच्या धानाच्या बांध्यांची, म्हणजे बांध घातलेल्या शेतांची, होती, जिथे कापणीनंतर दाणे सांडलेले होते आणि काही बांध्यांत अजून ओल होती.

शिंगाड्याचा तलाव आकाराने लहान. पानांच्या गालिच्यावर कमळपक्षी, कडेच्या गवतात जांभळ्या पाणकोंबड्या, आणि दिवसा दाटीवाटीने विसावणाऱ्या अडई बदका. अडई संध्याकाळी शिट्ट्या घालत शेताकडे जातात. काठावर चालत गेले तर गवतातले अर्धे पक्षी दिसतच नाहीत, म्हणून येथे दोन जागांवर दोन माणसे स्थिर बसवायची असे ठरले. शिंगाडे काढणारे लोक सकाळी लवकर पाण्यात उतरतात, तेव्हा पक्षी हलतात. म्हणून गणना त्याआधी संपवायची की त्या सकाळचे काम थोडे उशिरा सुरू करण्याची विनंती करायची, असा प्रश्न आला. गटाने विनंती केली नाही. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांना आपल्या मोजणीसाठी थांबायला सांगण्यापेक्षा आपणच पहाटे पोहोचणे बरे, हा विचार मला पूर्णपणे पटतो.

पाटबंधाऱ्याचा जलाशय खोल आणि रुंद आहे. लालसरी आणि शेंडी बदके, जी बुडी मारून खातात, ती इथेच असतात, आणि काठापासून इतकी दूर की साध्या दुर्बिणीतून छोटी लालसरी आणि मोठी लालसरी वेगळी काढणे अवघड जाते.

मच्छीमारांशी झालेली बोलणी

पाहणीतला सर्वांत मोलाचा भाग कोणत्याही दुर्बिणीतून मिळाला नाही. मच्छीमार संस्थेच्या सचिवांनी सुरुवातीला बोलायचे टाळले. पक्षी पाहणारे लोक आले की पुढे मासेमारीवर बंधने येतात, अशी भीती संस्थेत होती. गटाने त्यांना नोंदवही दाखवली, कोणते रकाने भरतो ते समजावले, आणि तलावाची नोंद झाल्यावर तिची मराठी प्रत संस्थेला देण्याचे कबूल केले. त्यानंतर सचिवभाऊंनी जे सांगितले त्याने सारी आखणी बदलली. मोठ्या तलावात जाळे ओढण्याचे दिवस ठरलेले असतात; त्या दिवशी नाव पाण्यात गेली की बदके एकदम उठतात, आणि बहुतेक वेळा जलाशयाकडे न जाता खालच्या बोडीकडे, म्हणजे एका लहान तळ्याकडे, जातात. खालची बोडी गटाच्या यादीत नव्हतीच, कारण पाहणीच्या वेळी ती नेहमी ओस दिसली होती.

पुढच्या रविवारी एक जण बोडीवर आणि एक जण मोठ्या तलावावर थांबला. नाव निघाली, थवा उठला आणि काही मिनिटांत बोडीवर उतरला. पक्ष्यांना मुद्दाम उठवायचे नाही हा गटाचा नियम होता आणि तो पाळला गेला. नाव तर रोजच्या कामासाठी निघालीच होती.

येथे दोन निर्णय झाले. ओस दिसणारी बोडी साखळीत घेतली गेली. आणि एरवी फोटो लगेच समाजमाध्यमांवर टाकणाऱ्या सदस्यांनीही गणना होईपर्यंत थव्यांच्या जागा कोठेही जाहीर न करण्याचे मान्य केले, कारण बदकांसाठी जाळी लावली जाण्याच्या गोष्टी परिसरात ऐकू येत होत्या आणि शांत जागेची बातमी पसरली की ती शांत राहत नाही.

प्रत्यक्ष गणना

दिवस ठरवताना मकरसंक्रांत टाळली, कारण त्या सुमारास काठांवर आंघोळी आणि जत्रेसाठी गर्दी होते. जाळे ओढण्याचा दिवसही टाळला. स्कोप कुठे द्यायची यावर शेवटपर्यंत मतभेद होते. मोठ्या तलावावर पक्षी अधिक, जलाशयावर ओळख अवघड. पूर्व काठाची जागा मिळाल्यामुळे मोठ्या तलावावर साध्या दुर्बिणीने काम भागणार होते, म्हणून स्कोप जलाशयाला गेली. उभे राहण्याची जागा नीट निवडली तर उपकरणाची उणीव किती भरून निघते, हे मला या निर्णयातून स्पष्ट दिसते.

त्या सकाळी वरच्या उथळ तलावावर आणि जलाशयावर धुके होते. वरच्या तलावाचे लवकर विरले, जलाशयावरचे बराच वेळ टिकले. इतर ठिकाणची मोजणी ठरल्या वेळी झाली, जलाशयाची उशिरा. मोठ्या तलावावरून मध्येच एक थवा उठला. तिथल्या जोडीने वेळ, दिशा आणि अंदाजे आकार फोनवरून कळवला, बोडीवरच्या विद्यार्थिनीने तो उतरताना पाहिला, आणि तो थवा एकदाच धरला गेला. वरच्या तलावाच्या पत्रकावर बदकांच्या रकान्यात शून्य लिहिले गेले, आणि त्याखाली पाण्याची स्थिती व चिखलावरच्या पक्ष्यांची मोजणी.

निष्पत्ती

एकूण आकडा आधीच्या काही वर्षांपेक्षा लहान निघाला, आणि बैठकीत थोडी निराशा झाली. आधीच्या आकड्यांत तेच थवे दोनदा मोजले गेले असण्याची शक्यता होती, हे लक्षात घेतल्यावर ती ओसरली. ‘अनोळखी बदके’ मात्र जवळजवळ नाहीशी झाली, आणि गटाला प्रथमच असे पत्रक मिळाले की जे पुढच्या वर्षी त्याच जागांवरून, त्याच क्रमाने, दुसरी माणसेही भरू शकतील. मच्छीमार संस्थेला प्रत दिली गेली. तिच्यात मासळीविषयीही एक गोष्ट होती: ज्या भागात पाणवनस्पती शाबूत होत्या तिथेच वारकरी आणि गडवाल होते. तळ्यात गवत्या मासा सोडल्यास तो या वनस्पतीच खातो, त्यामुळे बीज सोडताना याचा विचार व्हावा असे संस्थेतल्याच एका सदस्याने सुचवले. ही सूचना बाहेरून गेली नाही, याचे मला विशेष समाधान आहे.

वेगळे काय करता आले असते

जलाशयातून पाणी सोडण्याचे वेळापत्रक पाटबंधारे विभागाच्या चौकीदाराला ठाऊक असते. त्यांना डिसेंबरच्या मध्यापर्यंत कोणी विचारले नाही. आधी विचारले असते तर वरच्या तलावाबद्दलची सारी चर्चा वाचली असती, कारण त्याचे पाणी कशासाठी आणि केव्हा उतरवले जाणार हे त्यांना आणि गावातल्या पाणीवापर संस्थेला माहीतच होते.

पाहणी बहुतेक सुट्टीच्या दिवशी झाली. सुट्टीच्या दिवशी काठावर कपडे धुणारे, सहलीला येणारे, क्रिकेट खेळणारे वाढतात. कामाच्या दिवशीचे तलाव वेगळे असतात. किमान एकदा मधल्या वारी पाहायला हवे होते. तसेच काठावर देवधान आणि कमळकाकडी काढणाऱ्या महिलांशी कोणी बोलले नाही. गवताच्या कडेला, जिथे पाणलावे आणि पाणकोंबड्या दडतात, तिथे सर्वाधिक वावर त्यांचाच असतो, आणि गटात विद्यार्थिनी असताना ही बोलणी सहज होऊ शकली असती.

धुक्यासाठी पर्यायी वेळ आधी ठरलेली नव्हती. जलाशय उशिरा मोजला जाणार असेल तर मोठ्या तलावावरची जोडीही तोवर जागेवर राहायला हवी होती, म्हणजे मधल्या काळात काही थवे एकीकडून दुसरीकडे गेले का हे कळले असते. त्या सकाळी ती जोडी मोजणी संपल्यावर निघाली, आणि लालसरींच्या आकड्यावर त्यामुळे एक लहान प्रश्नचिन्ह राहिले. पत्रकात ते तसेच लिहिलेले आहे.

संध्याकाळी धानाच्या बांध्यांकडे उडणाऱ्या थव्यांच्या नोंदी चांगल्या झाल्या, पण त्या मोठ्या तलावापुरत्याच. अडई बदका शिंगाड्याच्या तलावावरून कुठे जातात हे अजून कोणी पाहिलेले नाही. त्या साखळीबाहेरच्या एखाद्या तलावाशी जोडलेल्या असतील तर हद्द पुन्हा आखावी लागेल. म्हणून पुढील नोव्हेंबरात सर्वांत आधी त्या तलावावर संध्याकाळी माणूस बसवायचा आहे, आणि नोंदवहीत संध्याकाळच्या दिशेसाठी वेगळा रकाना आखून ती आतापासूनच शिक्षिकेकडे ठेवलेली आहे.